बर्फावर नेलेली खुर्ची

ग्रोनिंगन, शनिवार

प्रिय आई,

या शनिवार-रविवारी दोन्ही मुली त्यांच्या आईकडे नाहीत, माझ्याकडे आहेत, मजेत आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

तुझी स्वयंपाकघरातली खुर्ची आज बर्फावर नेली. तिलाच ढकलत मी स्केटिंग शिकलो, आता मारिट शिकेल म्हटलं. तर ही पाच वर्षांची टिकली म्हणते, "खुर्ची कशाला? आईच्या योरिसने शिकवलंय मला."

"अरे वा!" म्हणालो. पण पोटात दुखलंच.

"बाबा, तोंड वाकडं करू नकोस," पंधरा वर्षांची फेम्के म्हणाली आणि दोघी भुर्रकन गेल्या. मग मीच खुर्ची ढकलत दोन फेऱ्या मारल्या.

जपून राहा.

तुझाच,
वीब्रांट

ता. क. योरिसच्या पायात तू विणलेले मोजे असतात म्हणे. खरं सांग.