वैशूला इंग्रजी वाचून दाखवताना

शनिवार, १२ जून
बँकेच्या भरती परीक्षेचं पत्र आलं. वैशू इंग्रजीत परत राहिली, दोन मार्कांनी. बाकीचे विषय पास, गणितात तर चांगलेच. पत्र मीच वाचून दाखवलं. पहिल्या ओळीलाच म्हणाली, "राहू दे आई, पुढचं नको वाचूस."

नववीत असताना तापात तिची नजर गेली. तेव्हापासून तिचा सगळा अभ्यास माझ्या तोंडून. बी.ए. झाली. मी मॅट्रिक, तीही इंग्रजीत काठावर. अक्षरं जुळवून वाचता येतं, अर्थ निम्म्याचा कळत नाही. पण तो कळायची गरजही नाही. परीक्षेत रायटर प्रश्न वाचतो, चार पर्याय वाचतो, ही उत्तर सांगते, तो कागदावरचा गोल काळा करतो. घरी मी तेच करते. घरी पन्नासात चाळीसच्या खाली ती कधी येत नाही. मग तिथे जाऊन काय होतं, देव जाणे म्हणायचीही सोय नाही आपल्याला.
कुणी धड जेवलं नाही. आमटी उरली, उद्या चालेल.

सोमवार, १४ जून
ह्यांनी सकाळीच सांगून टाकलं. "ऑक्टोबरची एक परीक्षा दे. नाही झाली तर दसऱ्याला बूथ."
हॉस्पिटलच्या फाटकाशी एसटीडीचा बूथ आहे, अपंगांसाठी राखून ठेवलेला. तो मिळतोय. कंपनीने ह्यांना पैसे देऊन घरी बसवलं, त्यातलेच डिपॉझिटला घालणार.
वैशू : "लोकांच्या खिशात मोबाइल आलेत पप्पा. बूथमध्ये बसून मी काय करू, माश्या मारू? त्याही मला दिसत नाहीत."
हे : "बँकेत तरी काय करणारेस? दर वर्षी दोन मार्क कमी घेणारेस."
लागलं तिला. ह्यांनाही नंतर लागलं असावं. संध्याकाळी आप्पा बळवंत चौकातून इंग्रजीचं गाईड घेऊन आले. सेकंडहँड. आधीच्या मुलाने बरोबर उत्तरांवर पेन्सिलने खुणा करून ठेवलेल्या. खोडरबर घेऊन सगळ्या पुसल्या. मान दुखायला लागली तेव्हा लक्षात आलं, वैशूला त्या कुठे दिसणार होत्या.

शुक्रवार, २ जुलै. आषाढी पौर्णिमा
उपोसथाचा उपवास. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन आजपासून. यंदाही वाचायला मलाच बसवलं. आता तीन महिने रोज संध्याकाळी. बायका म्हणतात, तुम्ही वाचलं की डोळ्यापुढे उभं राहतं.

दुपारी वैशूचा अभ्यास. गाईड मांडीवर, शेवटची उत्तरांची पानं डाव्या हाताच्या बोटाने धरलेली. आधी उत्तर बघून ठेवते, मग प्रश्न वाचते. म्हणजे तपासण्यात वेळ जात नाही. ती मेथी निवडता निवडता उत्तरं देते. आज पन्नासात त्रेचाळीस. मला बरं वाटलं. तिला नाही.
"तिथे असं होत नाही गं. तिथे चारही पर्याय सारखेच वाटतात."
"घाबरतेस तू," म्हटलं.
"घाबरत नाही. ऐकते तरी काही येत नाही."

बुधवार, १४ जुलै
पाऊस. कपडे वाळेनात. वैशू चव्वेचाळीस. ह्यांना मुद्दाम सांगितलं. हे म्हणाले, "घरच्या मार्कांवर पगार मिळत असता तर एव्हाना ती मॅनेजर असती."

मंगळवार, २० जुलै
विहारात कांबळेमावशी रोज पुढे बसतात. अक्षरओळख नाही, डोळे मिटून ऐकतात. आज वाचन संपल्यावर माझा हात धरला. "वैशूची आई, तू वाचाया लागलीस का मला आदीच कळतं बघ, फुडं वंगाळ होनार का चांगलं. तुझा आवाजच चहाडी करतो."
बायका हसल्या. मीही हसले.
पायरी उतरताना चप्पल घालायला सुचेना. घरी येऊन कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या नाहीत. भात करपला.

बुधवार, २१ जुलै
गाईडची शिवण उसवून उत्तरांची पानं सुटी केली आणि ह्यांच्या हातात दिली. मी उत्तर न बघता वाचायचं, ह्यांनी तपासायचं. वैशूला कारण सांगितलं नाही.
कंपनीने घरी बसवल्यापासून ह्यांना पहिल्यांदाच कुणी काम दिलं. चष्मा पुसून, पाय जमिनीला टेकवून, ताठ बसले. पहिली चूक झाली तेव्हा "चूक!" असे ओरडले की शेजारच्या गॅलरीत कुणीतरी दचकलं. दोन-चारदा अशीच मजा वाटली त्यांना. मग आवाज उतरत गेला. शेवटी शेवटी नुसतीच मान हलवायला लागले. तिला मान दिसत नाही हे विसरले.
पन्नासात एकवीस.
वैशू म्हणाली, "हे पुस्तक वेगळं आहे का?"
पुस्तक तेच होतं.

गुरुवार, २२ जुलै
सांगितलं. की मी उत्तर आधी बघत होते. बरोबर पर्यायाशी माझा आवाज जरा थांबत असणार, जरा वर जात असणार, आणि ती तेच पकडत असणार. मला कळलं नाही, तिलाही नाही.
तिने हाताने चाचपून गाईड मिटलं. मग म्हणाली, "आई, मला वाटायचं मला येतंय."
एवढंच.
संध्याकाळी ह्यांच्यासमोर : "बँकेतही तूच ये माझ्याबरोबर. गिऱ्हाइकाने चेक दिला की शेजारी उभी राहा आणि वाच. मी बरोबर सांगेन." हे तिच्यावर ओरडायला निघाले. म्हटलं, बोलू द्या. दोन परीक्षा गेल्यात तिच्या.
बुद्धवंदना म्हणताना लक्ष लागलं नाही.

सोमवार, २ ऑगस्ट
स्वारगेटजवळ एक संस्था आहे, तिथे बोलणारा कॉम्प्युटर आलाय. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. वैशूला घेऊन गेले. मला आत बसू दिलं नाही, म्हणजे वैशूनेच नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसले. आतून आवाज येत होता, नाकात बोलणारा, कुणाचाच नसलेला. बरोबर उत्तरही तसाच वाचतो, चुकीचंही तसाच. "आग लागली" हेही तसंच वाचेल.
येताना बसमध्ये विचारलं, कसा आहे?
"चांगला आहे. त्याला माझी काळजी नाही, बरं वाटतं."

शुक्रवार, १३ ऑगस्ट
वै. चोवीस. परवा बावीस होते.
विहारात मुद्दाम सपाट वाचून बघितलं, त्या यंत्रासारखं. बायका पेंगल्या. कांबळेमावशींनी विचारलं, बरं नाही का तुला.

सोमवार, ३० ऑगस्ट
वैशू आता संस्थेत एकटी जाते. काठी, बस, रस्ता. ह्यांनी चार दिवस मागून लांबून चालत जाऊन बघितलं, तिला न कळवता. पाचव्या दिवशी ती घरातून निघतानाच म्हणाली, "पप्पा, येणारच असाल तर शेजारून तरी चला."
दुपारी घरात मी एकटी. भाजी एकटीच निवडते. गाईड कपाटावर ठेवलंय. एकदा उगाच काढून दोन पानं वाचली, मोठ्याने. काही शब्द आता मलाही येतात असं दिसतं. ह्या वयात काय उपयोग.

बुधवार, १५ सप्टेंबर
सत्तावीस. तीस. परत सत्तावीस. तिने स्वतःच सांगितलं, मी विचारत नाही.
ह्यांनी बूथवाल्याला थोडे पैसे देऊन ठेवले. "धरून ठेवायला," म्हणाले. मी खर्चात लिहिले, वैशूला बोलले नाही. तिला कळलंय. ह्यांनी पायजम्यावर बाहेर जायच्या ऐवजी पँट घातली ना, पट्ट्याचा आवाज झाला, तेवढ्याने.

मंगळवार, २८ सप्टेंबर. पौर्णिमा
एकतीस. पहिल्यांदाच. "यंत्राचे," असं म्हणाली. म्हणजे खरे.
मागणं मागायचं नसतं, आपण वागावं आणि फळ येईल ते घ्यावं, असं मी दुसऱ्यांना वाचून दाखवते. आज मूर्तीपुढे उभी राहून मनात एक आकडा आलाच.

रविवार, ३ ऑक्टोबर
परीक्षा झाली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर झोप येणार नाही.
रायटर म्हणून आमच्या सोसायटीतली सोनल ठरली होती, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची. सकाळी तिच्या आईचा फोन, पोरगी तापाने फणफणलीय. ऐन वेळी दुसरं कोण मिळणार. तसेच निघालो. कसबा पेठेतली शाळा. तिथले साहेब म्हणाले, "बाई, रायटर नाही तर पेपर नाही. आम्ही काही रायटर शिजवून ठेवत नाही."
ह्यांनी हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. साहेबांनी नियमांचा कागद वर-खाली बघितला. मला विचारलं, "तुमचं शिक्षण?"
"मॅट्रिक."
"उत्तम," म्हणाले. जन्मात पहिल्यांदा माझ्या मॅट्रिकला कुणी उत्तम म्हटलं. रायटर उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा, नात्यातला नको असं कुठे लिहिलेलं नाही. मी उत्तरात कसलीही मदत करणार नाही अशी सही करून दिली.
वर्गाबाहेर वैशूने माझं मनगट धरलं. "आई, चारही सारखे वाच. माझ्यासाठी एवढंच कर."
"इथे कुठे उत्तरं आहेत माझ्याकडे," म्हटलं.
आणि खरंच नव्हती. सपाट वाचायला काही करावं लागलं नाही. गणित झालं, बाकीचं झालं, भराभर. इंग्रजीला ती हळू झाली, पण उत्तरं देत होती. मी गोल काळे करत होते. मला वाटलं, होईल.
मग एक शब्द आला. त्याच्या उलट अर्थाचा शब्द निवडायचा होता. इतक्या वर्षांत तो माझ्याही ओळखीचा झालेला. वैशू म्हणाली, "दुसरा."
दुसरा नव्हता. चौथा होता.
मी पेन्सिल दुसऱ्या गोलावर टेकवली. ती टेकलेलीच राहिली. कागदावर शिसं फिरताना बारीक आवाज येतो, तो आला नाही. वैशूने मान कलती केली. साहेब खिडकीशी उभे होते, पाठमोरे.
"थांब," ती म्हणाली. "चौथा कर."
चौथा केला.
पेन्सिल मी थांबवली की थांबली, हे मी दुपारपासून स्वतःला विचारतेय. हात माझाच होता. पुढच्या एकाही प्रश्नाला ती थांब म्हणाली नाही.
ह्यांनी फाटकाशी उसाचा रस पाजला. "कसा गेला?" वैशू म्हणाली, "बरा." मला कुणी विचारलं नाही.

सोमवार, ४ ऑक्टोबर
वैशूचे केस विंचरून देत होते. पाठमोरीच बोलली.
"काल तुझी पेन्सिल का थांबली होती?"
"गोल सापडेना. बारीक असतात ते."
"बरं."
वेणी घालून दिली. पंचशील रोज सकाळी म्हणते मी. पाचातलं चौथं बोलण्याबद्दलचं; ते इथे लिहीत नाही.

शनिवार, ९ ऑक्टोबर
ह्यांना सांगावं असं दोनदा मनात आलं. हे म्हणतील, "मग काय झालं? एक मार्क." मागच्या वेळी दोनच कमी होते. म्हणून तर.
साहेबांना जाऊन सांगावं, तर तिचा अख्खा पेपर रद्द करतील. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तिचं वर्ष घालवू?

शुक्रवार, २२ ऑक्टोबर. दसरा
सकाळी विहारात कार्यक्रम. दुपारी बूथ सुरू केला. निकाल नाही, पण ह्यांनी शब्द दिला होता बूथवाल्याला. बाबासाहेबांचा आणि भगवंतांचा फोटो लावला, मेणबत्ती लावली. वैशू नवा ड्रेस घालून खुर्चीत बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते सुट्टे पैसे मागायला. दुसऱ्याने विचारलं, मोबाइलचं रिचार्ज ठेवता का. ह्यांनी "ठेवणार, ठेवणार" म्हटलं. वैशूचा चेहरा मी बघितला नाही. घरून डबा आणलेला, तो उघडून दिला आणि आले.

बुधवार, ३ नोव्हेंबर
बूथवरून येताना वैशू दुसऱ्या एका बँकेचा फॉर्म घेऊन आली. संस्थेतल्या कुणीतरी दिला. आजवर तिचे सगळे फॉर्म मी भरलेत. आज तिने तो ह्यांच्या हातात दिला.
"पप्पा, भरा. आणि रायटर बँकेनेच द्यावा, असं लिहा."
"अगं, आधीचा निकाल तर लागू दे. पास झालीस तर ही फी फुकट जायची."
"पास झाले तरी देणार."
"आँ? ते कशाला?"
हे माझ्याकडे बघायला लागले. मी तव्यावरची भाकरी उलटली.
हे जेवणं झाल्यावर फॉर्म घेऊन बसले, एकेक अक्षर पाडून. मध्येच विचारलं, हिचं नाव इंग्रजीत कसं लिहितेस तू? वैशूनेच सांगितलं, मी तोंड उघडायच्या आत.

टपाल अजून नाही. हल्ली पोस्टमन यायच्या वेळेला मी मागे कपडे वाळत घालायला जाते.