हाताशी असाव्यात म्हणून

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. (या वेळी अक्षरशः समजावा, मान वर करायची सोय मी ठेवलेली नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे, हे विचारायचं धाडस होत नाही.

परवा तुम्ही दिवसभरात तीनदा फोन केलात आणि तिन्ही वेळा तुमच्या भाचेसुनेने मी आंघोळीला गेल्याचं सांगितलं. शेवटी तुम्ही काळजीने विचारलंत, "त्याला अंगाला खाज वगैरे सुटलीय का गं?" मामा, मी तिच्या शेजारीच उभा होतो, कोरडा ठणठणीत. फार लाज वाटली.

आता खरं सांगतो. शेगडीच्या कंपनीने माझ्याकडे बटणं मागितली वीस हजार. एका बटणात तुमची एक स्प्रिंग. मी तुम्हाला सांगितल्या तीस हजार, हाताशी असाव्यात म्हणून. (मामा-भाच्यांचं रक्त एकच, तुम्ही तार आणलीत चाळीस हजार स्प्रिंगांची.) मग कंपनीचे खरेदीसाहेब फोनवर काहीतरी चघळत म्हणाले, "सध्या थांबा." तिथे एक कागद थांबला. इथे माझी दोन्ही यंत्रं थांबली आणि तुमची बाहेरची खोली स्प्रिंगांच्या पोत्यांनी भरली. मामी म्हणे आल्यागेल्याला पोत्यांवरच बसवतात आणि "भाच्याची कृपा" म्हणतात. तेही मी हसून घेतलं असतं. पण बावीस वर्षं तुमच्या यंत्रावर बसलेल्या कारागिराला तुम्हाला घरी पाठवावं लागलं, हे कळल्यापासून घास उतरत नाही. मला सायकल त्यांनी शिकवली होती. कंपनीचा दोष कंपनीपाशी. वरचे दहा हजार माझे आहेत.

मामींना नमस्कार सांगा, त्या ऐकायच्या मनःस्थितीत असतील तेव्हा.

तुमचा भाचा

ता.क. कंपनी पुन्हा जागी झालीय. पंधरा दिवसांत अठरा हजार बटणं हवीत. बटण नवं, स्प्रिंग आखूड, म्हणजे पोत्यांतल्या चालणार नाहीत. कारागिरांना परत बोलवाल का? आकड्यात या वेळी एकही बटण वाढवलेलं नाही.

ता.क. २. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं. कंपनीने बाराच हजार मागितलीत. वरचे अठरा खोडत नाही, माझी लाज तुम्हाला दिसू दे. कारागिरांना मात्र बाराच सांगा, आणि तार तेवढीच आणा.