जयवंताच्या मळ्यात

११ ऑक्टोबर १९१८, अकोला
रवी कुठे आहे, कोणी सांगत नाही.
मानमोडीच्या तापात हे आणि मी, दोघंही निपचित पडलो होतो. शुद्ध आली तेव्हा त्याचं अंथरूण रिकामं. शेजारच्या गोदाबाई दाराबाहेरूनच म्हणाल्या, "गेला गं. कोणीतरी उचलून नेलं." कोणी? त्यांना ठाऊक नाही. साऱ्या गल्लीत कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं.
सात वर्षांचा आहे तो.

१४ ऑक्टोबर
हे मोर्णा नदीच्या घाटावर विचारून आले. लाकूड संपलंय — प्रेतं तशीच पाण्यात सोडतात. यांनी जन्मभर लोकांची क्रियाकर्मं केली, आणि पोटच्या पोराला अग्नी नाही. "त्याला गती नाही," एवढंच बोलले. देवांची पूजा केली नाही.

१७ ऑक्टोबर
प्रेत कोणी पाहिलंय? मी दिवा लावते. तो परत येऊ दे, एवढंच मागते. हे दिव्याकडे बघतही नाहीत.

२३ ऑक्टोबर
आपल्याकडे भाजी घालणारी जयवंता आली. ओळखू येईना, इतकी खंगलेली. अंगणातच बसली.
"बाई, मीच नेलं त्याले. तुमी दोघं बेसुद. मुडदे नेनारे गाडीवाले नदीत टाकतीन म्हनून लुगड्यात गुंडाळलं अन् मळ्यात पुरलं. आमी महानुभाव, आमच्यात जाळत नाईत. मंग मीच तापानं पडली, म्हनून सांगाले आली नाई."
म्हणजे तो नाही. आता कळलं.
हे आतून आले. "उकरावं लागेल. अग्नी दिलाच पाहिजे."
जयवंता जमिनीकडे बघत म्हणाली, "उकरा. पन जपून. दोन दिसानं माही पोरगी गेली. नवा खड्डा खनाची ताकद नव्हती, त्याच्याच बाजूले ठेवली."
आमचाच ताप तिच्या घरी गेला.

२४ ऑक्टोबर
यांनी कुठूनसं चितेपुरतं लाकूड मिळवलंय. उद्या जायचं. मी विचारलं, "आणि तिच्या पोरीचं काय?"
आज दिवा लावला नाही.

२५ ऑक्टोबर
यांनी कुदळ उचलली. वरची ढेकळं सारली, आणि थांबले.
"जयवंता, तुझ्या मुलीचं नाव काय?"
"सत्यवती."
कुदळ ठेवली. मंत्र म्हटला नाही. दोघांच्या नावानं ओंजळभर पाणी सोडलं आणि हातांनी माती सारखी केली.