शाकारलेला ट्रेलर

२९ मे
परवापासून माझा तळलेल्या माशांचा ट्रेलर बंद! पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद, मग तव्यावर काय टाकू? बर्फातले मासे मी विकत नाही. संघमित्रा – माझी पार्टनर – म्हणाली, "मुलुंडला मामाचं वर्कशॉप आहे, शेडमध्ये ठेवू." झकास! नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या, ताजे मासे आले की उघडायचा. पक्कं!

३१ मे
तवे घासले. गॅसची नळी, बॅटरी काढली. बाबा दारातून बघत होते. होडी विकल्यापासून कशातच हात घालत नाहीत. मासेसुद्धा सोडले. "धर्मा नाखवा इकतचं म्हावरं खानार नाय!" ट्रेलर सुरू केला तेव्हा पहिली प्लेट त्यांच्यापुढे ठेवली, तर उठून गेले. रडले होते मी.
आणि आज स्वतःहून म्हणतात, "असा नाय ठेवत गो. शाकाराय लागतो." पावसाळ्याआधी होडी शाकारतात ना, तसा! ट्रेलर टेम्पोला जोडला, तर बाबा आधीच पुढे बसलेले.

१ जून
काल खाली ओंडके लावून चाकं उचलून ठेवली. वर ताडपत्री, तिच्यावर झावळ्या – पत्र्याच्या शेडमध्ये! इथवर ठीक. मी चहा आणायला गेले, परत येते तर अख्ख्या बुडाला माशाचं तेल! होडीला चोळतात ते!
"बाबा, हे लोखंड आहे!"
"मंग? लोखंडाला खारा वारा लागत नाय?"
कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून चोळत होते. गुणगुणत. किती दिवसांनी! मी चहा त्यांच्याजवळ ठेवला.

१९ जून
मामांचा फोन. मुलुंडमधली सगळी मांजरं शेडमध्ये जमलीत. वाट लागली!

५ ऑगस्ट
ताडपत्री काढली. खाली मांजर, तिची पिल्लं! पण बुडाला गंजाचा ठिपका नाही! शेजारच्या टेम्पोची वायर उंदरांनी खाल्ली, आमची शाबूत. मांजरांची कृपा! संघमित्रा नाक दाबून हसतेय – "माशांच्या गाडीला काय अत्तराचा वास येणार?" टायरात हवा भरली, बॅटरी लावली, दिवे लागले – मी किंचाळलेच!
बाबांना फोन केला. "हां," म्हणाले, ठेवला.

७ ऑगस्ट
ट्रेलर घरी, खारदांड्यात आणला. साबणाने धू-धू धुतला, वास आहेच. बाबांना म्हटलं, उघडायच्या दिवशी या ना. खाऊ नका, नुसते या हो!

८ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. सगळा गाव नारळ सोडायला किनाऱ्यावर, बाबा नाहीत. परत आले तर ट्रेलरला झेंडूचा हार, पुढ्यात फोडलेला नारळ. आईला विचारलं. "मी नाय गो, तुझ्याबरोबरच तर होते!"

१० ऑगस्ट
पहिलाच दिवस, ही गर्दी! मान वर केली तर रांगेत बाबा.
"एक पलेट बोंबील." पैसे न घेताच द्यायला गेले, तर हात मागे घेतला. आधी नोट ठेवली, मग प्लेट घेतली. उभ्यानेच खाल्ले. सगळे.
"मीठ कमी हाय गो."