हात मांडीवर ठेवून

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मी काय करते हे तुम्हाला माहीत नाही. मी लष्करात हेलिकॉप्टर उडवते आणि चांगलं उडवते. हे नम्रपणे सांगायला मला जमत नाही, आणि तसला नम्रपणा तुम्हालाही कधी आवडला नव्हता. नाशिकला इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला निवड झाली तेव्हा वाटलं, आपल्याला येतंय तेच शिकवायचं, त्यात काय एवढं. शिवाय घर जवळच, म्हणजे रविवारी आईच्या हातचं जेवण.

इथं आधी वर्गात फळ्यासमोर उभं राहून धडा घ्यायचा आणि मग तोच सिम्युलेटरमध्ये शिकवायचा. गंमत म्हणजे विद्यार्थी खरा नसतो. आमचे सर, माझ्यापेक्षा कितीतरी ज्येष्ठ अधिकारी, अडाणी विद्यार्थी होऊन शेजारी बसतात आणि मुद्दाम चुकतात. पहिला धडा हॉवरचा होता, म्हणजे जमिनीपासून थोडं वर एकाच जागी थांबून राहणं. सरांनी हेलिकॉप्टर सांभाळायची काठी अशी काही ढवळली की पडद्यावरचं मैदान डोलायला लागलं. 'आय हॅव कंट्रोल' म्हणत मी ताबा घेतला आणि मशीन जागच्या जागी स्थिर केलं. मनात म्हटलं, बघा. सर म्हणाले, "हेलिकॉप्टर वाचलं. विद्यार्थी काय शिकला?" पुन्हा असं झालं तर युनिटला परत, हेही त्यांनी शांतपणे सांगून टाकलं. परत गेले असते तर हिला उडवता येतं पण शिकवता येत नाही, हे सगळ्यांना कळलं असतं, आणि ते मला अजिबात चालणार नव्हतं.

तेव्हा एकलहऱ्याच्या शाळेतला आपला आठवीचा वर्ग आठवला. तुम्ही फळ्यावर समीकरण सोडवताय आणि चिन्ह चुकवताय. "मला काही जमेना गं, तू शिकव बरं," म्हणून मला पुढं बोलावताय. मी येते, तुमच्या हातातला खडू ओढून घेते, झरझर उत्तर काढते आणि वर्गाकडे बघून हसते. तुम्ही पदराला हात पुसत म्हणता, "गणित तुझं सुटलं. माझं कुठं सुटलं?" इतका राग आला होता मला. उत्तर बरोबर, तरी बोलणी. घरी जेवलेही नव्हते. आई म्हणाली, "तुझ्या बाईंचं काही खरं नाही," आणि मला ते अगदी पटलं होतं.

आज सिम्युलेटरची दुसरी फेरी झाली. मी हात मांडीवर ठेवले, लागलंच तर काठी धरता येईल असे. सरांनी पुन्हा काठी ढवळली. माझे हात नुसते शिवशिवत होते.

"सर, खाली बघू नका," मी म्हणाले.

"सर कोण?" त्यांनी विचारलं.

बरं. "खाली बघू नकोस. ते लांबचं झाड दिसतंय ना, तिकडं बघ. काठी हलवू नकोस, नुसता दाब दे. चुकलं? चुकू दे. परत." मशीन जमिनीला टेकायला आलं होतं, तरी मी हात उचलले नाहीत. मग डोलणं हळूहळू कमी झालं आणि मशीन एका जागी थांबलं. त्यांच्या हातात.

पास झाले, बाई. आता खरे विद्यार्थी शेजारी बसतील आणि मी त्यांना चांगलं शिकवीन, याची मला शंका नाही. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ते मशीन माझ्या हाताशिवाय थांबलं, तेव्हा आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. तुम्हालाही असं वाटायचं का? दहावीच्या निकालाच्या दिवशी तुमच्या हातावर पेढा ठेवून मी लगेच निघाले, तेव्हा तुम्ही "थोडं थांब की" म्हणाला होतात. मला विचारायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी थांबले नाही.