आईचे नखं रंगवजा

बाबा,

पेपर हाये म्हणून मी यवतमाळच्या पहिल्या बसनं चालली. मामाच्या रजतदादाच्या उद्याच्या साक्षगंधाले येत नाई म्हणते आई, पण खरं कारण तब्येत नाई, नखं हायेत. नागपूरच्या केमोच्या औषधानं ते काळे पडले, अन् कुंकू लावतानी बाया हाताकडंच पाह्यतीन असं तिले वाटते.

म्हणून आज तिचे नखं तुम्ही रंगवजा. पोळ्याले बैलाचे शिंगं इतके साजरे रंगवता, हे तं दहाच नखं हायेत.

डाळिंबी रंगाची बाटली फ्रिजवर हाये. ही पाण्याची नेलपॉलिश हाये, वास मारत नाई, नागपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनंच सांगतली. घट्ट वाटली तं पाण्याचा एक थेंब टाका. शिंगाच्या रंगासारखं थिनर टाकू नका, मागची बाटली तशीच दुधासारखी फाटली तुमच्या हातून. एक पातळ हात मारा, वाळू द्या, मंग दुसरा. झाकण घट्ट लावा. आज तिले भांडे घासू देऊ नका, नाई तं पोपडे निघतीन. तुम्हीच घासा, कोणी पाह्यत नाई. काढाच्या येळी खरडू नका, बोटं कोमट पाण्यात बुडवा.

चिडली तं चिडू द्या, पण हात सोडू नका.

अन् एक राह्यलंच. नखाच्या बुडाशी बारीक गुलाबी पट्टी आली हाये. नवं नख हाये ते. तिनं अजून पाह्यलं नाई, चष्मा लावतच नाई ना ती आजकाल. तेवढ्यावर रंग लावू नका. चष्मा देऊन तिले ते दाखवजा, अन् मंग कोणती साडी काढू ते इचारजा.

प्रेरणा