आमटीतलं मीठ

उत्तरा,

तुला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. मी नाहूरला तुझ्या कुंदावन्संकडे राहायला जातेय. मी इथे असले की तू पुन्हा माझ्यासाठी सगळंच अळणी रांधशील.

माझं प्रेशर वाढतं, म्हणून सगळं घर बिनमिठाचं जेवत आलं. तुझं उतरतं, हे काल डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला सुचलंही नाही. तू मोरीत पडलीस तेव्हाही मी म्हटलं, कामाच्या वेळी बरी चक्कर येते हिला. ऐकलंस ना ते?

लोणच्याची बरणी शेजारच्या मधुकरकडून माळ्यावरून काढून घेतलीय. उठताना आधी जरा बसून राहा, मग उभी राहा.

आमटी केलीय, मीठ घालून. किती घालतात तेच विसरलेय गं, चाखून बघ.

आई